मावशीचं शिंपल्याचं वर्ष

माझ्या मावशीला अख्खं बंदर 'भोंगा' म्हणायचं, आणि तिला त्याचा रागही नव्हता. धक्क्यावर मासळीचा लिलाव ती पुकारायची. ओल्या फरशीवर मांडलेल्या पाट्या, पायांखालून वाहणारं बर्फाचं पाणी, गिऱ्हाइकांची रेटारेटी, आणि या सगळ्यावर मावशीचा आवाज. समोरच्याला ती असा काही टोमणा हाणायची की तो निव्वळ लाजेखातर बोली वाढवायचा. "बोलणाऱ्याची माती खपते, मुक्याचे मोती पडून राहतात," असं तिचं म्हणणं.

घरी काका. ते बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. संध्याकाळी मोरीपाशी हातांचं ग्रीस घासत उभे राहिले की मावशी विचारायची, दमलात का, दमलाच असाल, चहा टाकू का, टाकतेच. काकांच्या वाट्याला मान हलवणं तेवढं उरायचं, आणि तीही बहुतेक वेळा उशिरा हलायची. मी तेव्हा नर्सिंग शिकायला त्यांच्याकडे राहत होते, बर्फाच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत. काकांचा आवाज कसा आहे हे मला कितीतरी दिवस नीटसं ठाऊकच नव्हतं.

त्याच सुमारास धक्क्यापलीकडच्या वाळूवर मास्तरीणबाईंची मंडळी जमायला लागली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या पंथात देव नव्हता, वर्गणी नव्हती, कुणाच्या पाया पडणं नव्हतं. होती ती रूपं: भरती, ओहोटी, वारा, खडक, बगळा, खेकडा, शिंपला. वर्षाच्या सुरुवातीला टोपलीत हात घालायचा, ज्या रूपाचं चित्र काढलेला गोटा हाती येईल ते आपलं. मग दर सुट्टीच्या सकाळी वाळूवर यायचं आणि ते रूप पाळायचं. खडक झालेल्याला कुणीही येऊन टेकावं. भरती झालेल्याने प्रत्येकासाठी काहीतरी आणावं. खेकड्याने हसवावं. बाई सांगत, माणूस एकच रूप धरून म्हातारा होतो. किनाऱ्यावर इतकी पडली आहेत, त्यातलं एखादं वर्षभर उसनं घेऊन बघावं, आपल्यात आणखी काय काय मावतं ते कळतं.

लोक या रूपवाल्यांची टिंगल करायचे. मावशी सगळ्यांत जास्त. पण वाऱ्यात बाईंचा आवाज चार माणसांपलीकडे पोचेना, तेव्हा त्यांनी मावशीलाच गाठलं आणि नव्या वर्षाच्या टोपलीसाठी लोकांना हाक घालायला बोलावलं. आपल्या आवाजाला मान मिळतोय म्हटल्यावर मावशी कसली नाही म्हणते. तिच्या हाकेने वाळू भरली. शेवटी टोपली तिच्यापुढे आली, आणि तिनेही गंमत म्हणून हात घातला.

निघाला शिंपला.

शिंपल्याचं काम एकच. खडकाच्या आडोशाला चटईवर बसायचं, तोंड मिटून. ज्याला जे सांगायचं ते त्याने समोर बसून सांगावं. शिंपल्याने उत्तर द्यायचं नाही, आणि ऐकलेलं पुन्हा कुणापुढे काढायचं नाही, अगदी सांगणाऱ्यापुढेसुद्धा नाही.

लोक पोट धरधरून हसले. मावशीने खेकडा मिळालेल्या बेकरीवाल्याला बाजूला घेऊन अदलाबदलीची गळ घातली, पण ते बाईंच्या कानावर गेलं.

"मनाजोगतं निवडायला ते काय दुकानातलं कापड आहे?" त्या म्हणाल्या. "जमत नसेल तर तसं सांग."

जमत नाही हे शब्द मावशीच्या तोंडून कधी निघाले नव्हते. ती जाऊन चटईवर बसली.

पहिली आली शिंपीणबाई, सासूचं गाऱ्हाणं घेऊन. त्या सासूला मावशी चांगली ओळखून होती, आणि त्यावर तिच्याकडे निदान दहा तोडगे तयार होते. ते ओठांपर्यंत येऊन तिचे गाल फुगायला लागले. अखेर तिने रुमालाचा बोळा करून दातांत धरला. शिंपीण रडता रडता तिच्याकडे बघून हसायला लागली, आणि हलकी होऊन घरी गेली.

मग रांगच लागली. तोंड मिटलं तरी मावशीचा चेहरा काही मिटत नसे. सगळा निकाल कपाळावर उमटायचा. भुवया वापरणं ही लबाडी आहे असं बाईंनी तिला बजावलं, तेव्हा ती डोळे मिटून बसायला लागली. डोळे मिटल्यावर, ती मला म्हणाली, समोरच्याच्या बोलण्यात मध्ये मध्ये खंड पडतो ना, तिथे समुद्र ऐकू येतो. जन्म त्याच्या काठावर गेला आणि तो असा वाजतो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. हे सांगताना ती इतकी खूश होती, जणू समुद्र कालच कुणीतरी आणून ठेवलाय.

आणि एका सकाळी तिच्यासमोर कुणीतरी येऊन बसलं आणि काही बोलेचना. ग्रीसचा वास आला म्हणून तिने डोळे उघडले. काका.

मी थोड्या अंतरावर बगळ्यांच्या रांगेत एका पायावर उभी होते. त्या वर्षी टोपलीतून मलाही एक रूप मिळालं होतं, ते हे. मला ऐकू काही आलं नाही. काका पायांच्या बोटांनी वाळू उकरत राहिले, मग बोलले, मग उठून गेले. काय बोलले ते मला पुढे त्यांनीच सांगितलं, मावशीने नव्हे. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते की चहात साखर फार असते, लग्न झाल्यापासून.

घरी चहा एकदम बदलला तर ऐकलेलं बाहेर काढल्यासारखं होईल, म्हणून मावशी साखर चिमटीचिमटीने उतरवत गेली. माझ्या ते लक्षात आलं, कारण चहा मीही पीत होते. काका कप संपवत आणि काही म्हणत नसत. मात्र सुट्टीच्या सकाळी तिच्यासमोर जाऊन बसायला लागले.

मग त्यांनी होडीचं सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त केल्या. आता कारखान्यामागच्या शेडमध्ये ते फळ्या जमवत होते, स्वतःच्या हातांनी एक लहानशी होडी बांधण्यासाठी. घरी बोलले नव्हते, कारण पहिला खिळा ठोकायच्या आत अख्ख्या धक्क्याला कळलं असतं. आणि जमलं नाही तर काय, ही भीती होतीच.

ते ऐकून आल्यावर मावशीची जी अवस्था झाली ती बघण्यासारखी होती. त्यामागचं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ती भांडी घासता घासता थांबायची, तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची. काकांच्या अंगाला लाकडाचा भुसा लागलेला असे. ती तो झटकायची आणि खिडकीबाहेर बघायची. आणि हळूहळू एक नवीनच गोष्ट सुरू झाली. ती काकांना प्रश्न विचारून थांबायला लागली. उकळतं पातेलं हातात धरून उभं राहावं तसं तिला ते थांबणं जड जाई, पण थांबायची. पहिल्यांदा काका गोंधळले. मग उत्तरं यायला लागली. छोटी छोटी, पण त्यांची स्वतःची.

एका संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, आज उशीर झाला का. आणि थांबली. काकांनी घास ताटात ठेवला.

"होडी बांधतोय," ते म्हणाले. "आपल्यासाठी."

मावशीने दोन्ही हात गालांवर ठेवले. "होडी?" ती म्हणाली. "अगंबाई. मला तर काही कल्पनाच नाही."

इतका वाईट अभिनय मी कधी पाहिला नव्हता. काकांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग ठसका लागला, मग ते भिंतीला टेकून मोठमोठ्याने हसायला लागले. मावशीही हसत सुटली, डोळे पुसत, बोट माझ्याकडे करत, जणू सगळा माझाच अपराध. काकांचा आवाज चांगला भरदार होता.

दुसऱ्या दिवशी धक्क्याला सगळं कळलं, अर्थात. आता ते तिला घरात सांगितलं होतं, चटईवर नव्हे.

होडी पाण्यात घातली तेव्हा सगळे रूपवाले आले होते. खडक झालेल्या टपालवाल्याने मागून रेटा दिला. बेकरीवाला वाकडा चालत पुढे धावत होता आणि पाण्यात आपटला. बाई वाळूवर बसून टाळ्या वाजवत होत्या. होडी जराशी डावीकडे झुकली, विचारात पडल्यासारखी थांबली, आणि तरंगली.

काकांनी आम्हा दोघींना आत घेतलं. धक्का मागे पडला, लोक लहान दिसायला लागले. थोड्या वेळाने माझे पाय ओले झाले. मी खाली बघितलं तर दोन फळ्यांच्या मधून पाणी येत होतं.

"थोडं गळतंय," काका म्हणाले.

"गळू दे," मावशी म्हणाली. तिने पायाशी पडलेला डबा उचलला आणि पाणी उपसून बाहेर टाकायला लागली, पुढे कुठवर जायचं ते काकांना विचारत.