चपला काढून खून करायला गेलेला गुंड

मंडळी, आज सकाळी मेहकरला आमच्या शॉर्टफिल्मचं शूटिंग होतं. गोष्ट गुन्हेगारीची. पटकथा माझी, दिग्दर्शनही माझंच.

सीन साधा होता. गुंड येतो, घरात घुसतो, घरमालकाचा खून करतो. गुंडाचं काम आमच्या विलासकडे. एरवी तो शाळेत गणित शिकवतो.

मी ॲक्शन म्हटलं. विलास कोयता घेऊन ताडताड आला, दाराशी थांबला आणि त्यानं घरमालकाच्या चपलांशेजारी स्वतःच्या चपला नीट काढून ठेवल्या. मग आत घुसला.

सगळे हसत सुटले. मी वैतागलो. "काऊन बे, खून कराले आला का जेवाले?"

"अबे, मावशीनं आत्ताच फरशी पुसली ना."

ज्यांच्या घरी शूटिंग होतं त्या मावशी म्हणाल्या, "हाव, बरोबर केलं त्यानं."

रिटेक घेणार होतो, पण म्हटलं राहू दे. पुढचा शॉटही तसाच घेतला. आतून किंकाळी येते. विलास बाहेर येतो, शांतपणे चपला घालतो आणि निघून जातो.

दुपारी सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. चपला काढताना पुन्हा हशा झाला. शेवटी तो निघून गेला आणि दाराशी एकच जोड उरला, घरमालकाचा. कोणीच हसलं नाही.

मावशी म्हणाल्या, "तो जोड अजून दारातच हाये, उचल ना बापा तिथून. माह्याच्यानं पाह्यल्या जात नाही."

पटकथेत मी कोयत्याची लांबीसुद्धा लिहिली होती. चपलांचं एक अक्षर नव्हतं.

तुम्हीच सांगा, आधी हसलो नसतो तर तो जोड आम्हाला दिसला असता का?