आसरांना लावलेला ऑइलपेंट

आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर साती आसरा आहेत. आहेत म्हणजे ओळीनं मांडलेले सात दगड. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता शेंदूर. पाण्याच्या देवता. हिवरखेडच्या शिवारात आमची झेंडू-शेवंतीची बाग आहे, आणि आसरांना वाहिल्याशिवाय बाबांनी एक फूलही कधी बाजारात जाऊ दिलं नाही. रोज सकाळी वीस पावलं आधी चपला काढायच्या, शेंदूर तेलात कालवायचा आणि एकेका दगडाला बोटानं माखायचा. तिथे कोणी नुसती विडी पेटवली तरी बाबा त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे.

मी अमरावतीला नोकरीत. महिन्या-दोन महिन्यांनी गावी चक्कर. बाबांचे गुडघे गेले, हात कापायला लागला, तरी ते काठी टेकत धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, जायचेच. दोनदा पडले. आई फोनवर रडली, "तूच समजाव त्याईले." समजावून ऐकणारा तो माणूस नव्हे. मग मी डोकं लढवलं. त्या डोक्याची मला आजही लाज वाटते. हार्डवेअरच्या दुकानातून भगव्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि बाबा दवाखान्यात गेले असताना सातही दगडांना दोन-दोन हात मारून टाकले.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या मागोमाग गेलो. त्यांनी पहिल्या दगडाला शेंदूर लावला. त्या गुळगुळीत रंगावर तो बसेना, ओघळून खाली आला. त्यांनी पुन्हा लावून पाहिला.

"काहून रे, हा रंग तू लावला?"

"हो. तुमाले तरास नको म्हणून."

"मंग आता मी कायले येऊ इथं?"

चिडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते मळ्यात गेलेच नाहीत. आंघोळ करून खाटेवर बसून राहायचे. त्यांची पायपीट थांबावी एवढंच मला हवं होतं, आणि ती थांबली.

वर्षभरात त्या जागेचं पार वाटोळं झालं. बाबांचा दरारा उरला नाही. शेजारच्या शेतात बोअर मारायला आलेली माणसं आसरांच्या ओट्यावर चपलांसकट बसून जेवली, खर्रा खाऊन थुंकली. त्या बोअरनं आमची विहीर आटली. बाबांना ते सांगायची आमची कोणाचीच हिंमत झाली नाही. दगड मात्र चकचकीत.

शेवटी सुटी काढून आलो. "आज रंग काढतो, उद्या तुमाले गाडीवर नेतो," असं बाबांना सांगितलं. कितीतरी महिन्यांनी त्यांनी आईकडून शेंदराची वाटी मागून घेतली. मी ओटा धुतला, थिनर आणि छन्नी घेऊन बसलो. दोन दगड नीट निघाले. तिसऱ्यावर छन्नी जरा जोरात बसली आणि दगड मधोमध दुभंगला.

घरी येऊन सांगितलं, "बाबा, एक फुटली."

"कितवी?"

"तिसरी."

त्यांनी शेंदराची वाटी बाजूला सारली. खंडित देव पूजेत ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात, हे मलाही माहीत होतं.

"तिले विहिरीत सोडून ये," ते म्हणाले. "पाण्याची हाय थे, पाण्यात जाईन."

"आन् उद्या? गाडी काढतो ना मी."

"सात होत्या त्या. साहाची पूजा नसते."

मी परत गेलो. वाकून दोन्ही तुकडे सोडले. ते खाली कोरड्या खडकावर आपटले आणि फुटले. तो आवाज विहिरीत घुमला. माझ्याइतकं पापी कोणी नसेल असं वाटलं.

घरी आलो तेव्हा बाबा वाट पाहत होते.

"पाण्याचा आवाज आला?"

"आला," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले.