सुतळ्याचा दुसरा मुखवटा

भयपटातल्या सुतळ्या या खुन्याचा मुखवटा आपोआप पेटला, अशी वदंता त्या चित्रपटाच्या चमूत अजून टिकून आहे. तिला आधार नाही. मुखवटा तो करणाऱ्या देवकी पराते हिनेच जाळला, तोही भरदुपारी, उमरेड रस्त्यावरच्या एका शेतात, साऱ्यांदेखत.

देवकी बडगे करणाऱ्यांच्या घरातली. बडगे म्हणजे तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे बांबू-कागदाचे पुतळे; ते आधी तिचे वडील करत, मग ती करू लागली. महागाई, साथ, लाचखोरी. गावाला जे छळेल त्याला चेहरा द्यायचा, मिरवायचा आणि जाळायचा. न जाळलेली पीडा घरी परतते, हे तिला कुणी वेगळे शिकवले नव्हते.

चित्रपटात गावकरी सुतळ्याला गवताच्या गंजीत पेटवतात. चित्रीकरणात गंजी भडकली, दिग्दर्शक रजत "मेला!" म्हणून ओरडला, आणि देवकीने बाजूला उभ्या नटाच्या हातून मुखवटा घेऊन आगीत टाकला.

"काहून टाकला वं मावशी!" रजतने कपाळावर हात मारला. "तो राखेतून उठते, तो सीन बाकी आहे ना! असे खुनी मरत नसतात."

"मंग मेला मेला काहून बोंबलून राहिला होता गा?"

सगळे हसले, रजत हसला नाही. उद्या हुबेहूब तसाच मुखवटा हवा, नाहीतर मुंबईच्या कारागिरांकडून मागवीन आणि पडद्यावर नावही त्यांचेच जाईल, असे त्याने बजावले. बडग्यावर करणाऱ्याचे नाव कधीच नसते. देवकीला ते या पडद्यावर हवे होते.

तरी तिने तसाच केला नाही. सकाळी तिने आणलेल्या मुखवट्याचा अर्धा गाल सोलला होता, आतली बांबूची कामटी काळवंडली होती, ओठ शिवणाऱ्या सुतळीच्या गाठी ओठांना वितळल्यासारख्या चिकटल्या होत्या.

"हुबेहूब सांगितला होता!"

"जळालेला माणूस तसाच्या तसा येईन का? घालून तर पाह्य."

नट राखेतून उठला. कॅमेऱ्यामागचा गिरिधर नकळत मागे सरला. रजतने ते दृश्य पुन्हा पाहिले, मग पुन्हा.

"'मुखवटे : देवकी पराते'. चालन?"

"चालन."

"पण याले जाळू नको मावशी. दुसऱ्या भागाले लागन."

"तेव्हा नवा करीन," देवकी म्हणाली आणि मुखवट्यासाठी हात पुढे केला.