कावळेमावशीची टोपली

कावळेमावशीने उभ्या आयुष्यात कावळ्याला एक दगड मारला नाही, आणि माझी रेवदंड्याच्या कावळ्यांशी ओळखच दगडाने झाली. मी खाडीकाठच्या ग्रामपंचायतीच्या बागेचा माळी. ती शेजारच्या मोकळ्या जागेत वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील सुकवायची. बाकीच्या कोळणी दिवसभर कावळ्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या. मावशी मात्र त्यांना ‘बाबा’ म्हणायची.

शनिवार-रविवारी मुंबईची माणसं बागेत यायची आणि कावळे पोरांच्या हातातले वडापाव पळवायचे. एका लहान मुलीच्या बोटाला चोच लागली तेव्हा सरपंचांनी मला सुनावलं, “पावसाळ्याच्या आत बंदोबस्त कर. नाहीतर बाग ठेकेदाराला देऊन टाकतो.” म्हणजे माझी नोकरी गेली. मी दगड मारले, सुतळी बॉम्ब फोडले, अलिबागहून प्लास्टिकचं घुबड आणून घसरगुंडीवर बसवलं. तिसऱ्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर कावळा बसून पाव खात होता. वलांडीपलीकडून मावशी खो खो हसली.

“आरं, कावला भुकेला हाय, चोर न्हाय,” ती म्हणाली. “हितून उठवायचा तर दुसरीकडं पान मांडाया पायजे.”

तिने कुणाला न विचारता कामाला हात घातला. बाकड्यांवरून तंगूस ताणला, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा बारीक दोरा. पंखाला काहीतरी लागतंय पण दिसत नाही, म्हणून कावळे बिचकायचे. पण कुणाचा पंख अडकायला नको, म्हणून वीत-वीतभर अंतरावर जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्याही बांधल्या. कचऱ्याच्या डब्यांना झाकणं लावायला मला भाग पाडलं. आणि रोज उजाडताना मासळीच्या मुंड्यांची टोपली घेऊन ती खाडीच्या टोकाला, खारफुटीपाशी जाऊन बसू लागली. “यवा रं बाबांनो,” एवढंच म्हणायची. पंधरा दिवसांत सगळं काळं गणगोत तिकडे हललं.

मी जळलो. उगाच कशाला लपवू? ग्रामसभेत तिला शाल-नारळ दिला, आणि नारळाचं तबक धरायला उभा कोण, तर मी. पेपरात फोटो आला. त्यात मावशी हसतेय, सरपंच हसताहेत आणि कडेला माझं कोपर आहे. बायकोने तो फोटो फ्रिजवर चिकटवला, त्याचा राग मी आठवडाभर तिच्यावर काढला.

त्याहून जास्त जळलो ते कावळ्यांमुळे. तिच्या पायाशी ते कोंबड्यांसारखे फिरायचे. मी बागेतून चाललो की खारफुटीवरून झपकन येऊन टाळक्यावर टोच मारायचे. लख्ख उन्हात छत्री उघडून झाडांना पाणी घालणारा तालुक्यातला मी एकटाच माळी असेन. मावशीला सांगितलं तर म्हणाली, “त्यांना तुजा तोंड ठावं झालाय. कावला तोंड इसरत न्हाय. मानूस इसरतो.”

मग मी एक नीच काम केलं. पंचायतीचा जुना फलक रंगवून खारफुटीपाशी रोवला: ‘पक्ष्यांना खाद्य टाकण्यास सक्त मनाई’. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने मलाच विचारलं, “काय लिवलाय रं?” मी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. ती भरलेली टोपली तशीच परत घेऊन गेली.

चौथ्या दिवशी कावळे बागेत परत आले. एका म्हाताऱ्या पाहुण्यांचा चष्माच घेऊन गेले. सरपंच तणतणत आले तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मावशी बोंबील उलटत होती. तिथूनच म्हणाली, “माजाच चुकला सायेब. अंगात कसर व्हती, चार दिस गेली न्हाय.” तिने मला वाचवलं याचाही मला हेवा वाटला. इतकं मोठं मन माझ्याकडे का नाही, या विचाराने मी आतल्या आत धुमसत राहिलो. संध्याकाळी फलक उपटून टाकला. दुसऱ्या दिवशी तिने कागदात चार सुके बोंबील बांधून दिले, आणि फलकाचा विषय कधीच काढला नाही.

गेल्या थंडीत दोन दिवसांच्या तापाने मावशी गेली.

दहावं तिच्या त्याच जागेवर झालं, खारफुटीपाशी. पिंड मांडला. झाडांवर कावळ्यांच्या रांगा लागल्या होत्या, पण एकही खाली उतरेना. थळला कंपनीत कामाला असलेल्या मुलाने हात जोडून सांगितलं, “आये, तुजी वलांडी इकनार न्हाय.” मुलीने नातीच्या लग्नाचं वचन दिलं. तास गेला. बायका डोळे पुसू लागल्या. हिचा जीव कशात अडकलाय, अशी कुजबूज सुरू झाली. मीही मनात म्हटलं, मावशी, टोपली मी आणीन. तरी कोणी हललं नाही.

तेवढ्यात समोरच्या फांदीवरच्या कावळ्याने मान तिरकी केली. तो पिंडाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मग दुसराही तसाच.

मी गुपचूप मागे सरलो आणि बागेच्या भिंतीआड जाऊन बसलो. भिंतीला पाठ टेकते न टेकते तोच पंखांची फडफड ऐकू आली, आणि पाठोपाठ मुलाचा रडका आवाज, “शिवला! वलांडीत जीव व्हता आयेचा.”

आता रोज उजाडताना टोपली मी नेतो. मुंड्या ओततो, “यवा रं बाबांनो,” म्हणतो आणि भिंतीआड जाऊन बसतो. मग ते उतरतात. भिंतीपलीकडून त्यांचा गलका ऐकत बसलो की मावशीचा अजून हेवा वाटतो. ती त्यांच्या मधोमध बसायची.