मावशींची उपकारस्तुती

मावशी समोरच्या बाकाला धरून उठल्या, की आमच्या मंडळीतले निम्मे लोक गीतांच्या पुस्तकात तोंड लपवत.

रविवारी भक्तीच्या शेवटी ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्याने उभे राहावे, अशी आमच्या चर्चची रीत. लोक नोकरीबद्दल, नातवाबद्दल आभार मानत. पाळकसाहेब सांगत, दुःखातही माना. मावशींनी ते फारच मनावर घेतले.

"प्रभू, शेजारणीनं माह्या दारात कचरा लोटला, तुझे आभार. मले रोज अंगण झाडायची सवय लागली."

शेजारीण मागच्याच बाकावर. दुसऱ्या दिवसापासून कचरा बंद.

मी म्हटले, "मावशी, हा तं सूड झाला."

"सूड कायचा वं? खोटं बोलली का मी? आधी फायदा शोधा लागते, मंगच उभं राहा लागते."

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत; मी त्यांच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीला लागून राहते. आई लहानपणीच गेली, शाळा चौथीत सुटली. चार माणसांत माझे तोंड उघडत नाही. मावशी चिडवत, "जीभ पेटीत ठेवली काय वं, लग्नातल्या शालूसारखी?"

त्यांचा एकुलता मुलगा याच शहरात, धरमपेठेत राहतो. मावशी अंथरुणाला खिळल्या, तरी तो फोनवरच. आंघोळ, पेज, वेणी, सगळे मी केले. गल्लीत गाडी वाजली की त्या दाराकडे पाहत.

"आला का वं?"

"नाही, मावशी."

ते 'नाही' दरवेळी मला म्हणावे लागे. त्याचा राग मी जपून ठेवला आहे.

एकदा त्या म्हणाल्या, "याच्याबद्दल आभार मानावं म्हणतो, पण फायदा काही सापडून नाही राहिला."

त्या गेल्या. त्यांच्या आठवणीच्या भक्तीला मुलगा कडक इस्त्रीत उभा राहिला. "आईची शेवटपर्यंत सेवा करता आली, देवाचे आभार."

तुम्ही तिथे असता तर तुम्हीही माझ्याकडे पाहिले असते. सगळ्यांनी पाहिले. मी मावशींच्या जागेवरून समोरचा बाक धरला आणि जन्मात पहिल्यांदा उभी राहिले.

"प्रभू, मावशीचा पोरगा एकदाही आला नाही, तुझे आभार. तो आला असता तं मले माय भेटली नसती."

त्याची मान खाली गेली, ती शेवटच्या गीतापर्यंत वर आली नाही. मला फार बरे वाटले. खोटे तर बोलले नव्हते.