सदर नायकास घरी पोचवण्याबाबत

माझी भाची आईशी मराठीत भांडायची, भाजीवाल्याशी हिंदीत. मन दुखावले की मात्र इंग्रजीत बोलायची. आमच्या हिंदी मुलखातल्या बरखेड्यात सगळे तिला 'अंग्रेज' म्हणत.

हे इंग्रजी तिला शाळेने दिलेले नव्हते. एका परदेशी मालिकेत नायक बर्फात गाडला गेला. तो शेवट न पटलेले जगभरचे प्रेक्षक आपापल्या परीने कथा पुढे लिहून इंटरनेटवर टाकत. डायलिसिसच्या खुर्चीत, एका हातात सुया आणि दुसऱ्यात मोबाइल, अशा अवस्थेत ती त्या वाचत असे. परिणामी वीजबिलावरचे इंग्रजी तिला अडे. परंतु ओठ थरथरणे, हुंदका गिळणे, वाट पाहून डोळे शिणणे, या सर्वांचे शब्द तिच्या जिभेवर असत. घरी आल्यावर ती तीच कथा ताईला, म्हणजे तिच्या आईला, मराठीत सांगे.

मी कोर्टाबाहेर बसणारा अर्जनवीस. माझ्या इंग्रजीखाली भल्याभल्या साहेबांनी सह्या केल्या आहेत. हे ऐकवले की ती म्हणे, "मामा, तुमच्या इंग्रजीत कोणी रडतच नाही."

तिच्या लाडक्या कथेत तो नायक वाचला होता आणि घराच्या वाटेला लागला होता. नेमके तिथेच लेखिकेने लिहिणे थांबवले. इकडे भाची खालावत चालली होती. एकदा म्हणाली, "तो घरी पोचलेला बघायचाय, बस्स."

मी तत्काळ इंग्रजीत मसुदा केला: सविनय निवेदन की, सदर नायकास घरी पोचवण्याची कृपा व्हावी, अर्जदाराची प्रकृती नाजूक आहे.

हसता हसता तिला ठसका लागला. "मामा, लेखिका आहे ती, तहसीलदार थोडीच आहे." तरीही एक अक्षर न बदलता तिने तो अर्ज लेखिकेस पाठवला.

उत्तर आले: अर्ज मंजूर. रविवारी पोचवते.

भाचीने ते नर्सलासुद्धा दाखवले. शुक्रवारी ती गेली.

रविवारी तिचा मोबाइल वाजला. ताई तो माझ्यापुढे धरून वाच म्हणाली. फाटकापर्यंतचे मला समजले. त्याने कडी वाजवली, आईने दार उघडले. त्यापुढे सगळे भाचीचेच शब्द होते. अर्थ विचारायला मी सवयीने तिच्या खाटेकडे वळलो.

"पोचला का रे?" ताईने विचारले.

"पोचला," मी म्हणालो.