ह राहिला

शुद्धलेखन हा माझा जुना आजार आहे. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की सौदा घ्यायचा विसरतो, आणि लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन शोधतो. घरचे हसतात. मीही हसलो असतो, पण या आजारापायी एक माणूस तुरुंगात गेला.

तेव्हा मी पोखर्णीच्या पलीकडच्या एका गावात शिक्षक होतो. चोविशीचा, इस्त्रीच्या कपड्यांतला. संध्याकाळी आमच्या बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचो. त्यात सालगडी असलेले एक गृहस्थ यायचे. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला गुरुजी. अक्षरं त्यांनी भराभर उचलली. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. ते 'आम्ही' लिहीत नसत, 'आमी' लिहीत.

"दादा, म ला ह जोडायचा. आम्ही."

"तुमी तसं बोलता का गुरुजी? आत्ताच 'आमी जेवलो' म्हनलात की."

"बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं."

"मंग जे बोलायचं न्हाई ते लिवायचं कशाला?"

वर्ग खदाखदा हसायचा. मला राग यायचा, आणि मी फळ्यावर 'आम्ही' आणखी मोठ्या अक्षरांत लिहायचो.

मग आणीबाणी लागली. गावात तसं काही बदललं नाही, असं आम्ही बरीच वर्षं म्हणत आलो. खरं तर बदललं होतं. हॉटेलात पेपर मोठ्यानं वाचणं बंद झालं. पिंगळीच्या स्टेशनात गाडीची वाट बघतानासुद्धा लोक फक्त हवापाण्याचं बोलायचे. शाळा तपासायला येणारा हरेक साहेब जाता जाता नोकरीची आठवण करून द्यायचा. आणि चावडीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवलं गेलं : 'कमी बोला, जास्त काम करा.'

एका सकाळी त्याखाली कोळशानं लिहिलेलं दिसलं : 'काम आमीच करायलाव. बोलनार बी आमीच.'

वाचताक्षणी मला कळलं. गावात लिहिता येणारे मोजके, आणि बोलतो तसं लिहिणारा एकच. हसू आलं, छातीही थोडी फुगली. माझ्या हाताखाली शिकलेल्या माणसानं स्वतःच्या मनानं लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं. पोलीस पाटलानं मात्र ते पुसू दिलं नाही, वर कळवलं.

दुपारी तालुक्याहून फौजदार साहेब जीपमधून आले, सोबत जमादार. सगळं गाव चावडीपुढं गोळा केलं. साहेबांनी वाक्य मोठ्यानं वाचलं, 'आमी'वर थांबले आणि माझ्याकडे वळून हसले.

"काय मास्तर, हेच शिकवता का? साधं 'आम्ही' लिहिता येत नाही तुमच्या गावाला!"

लागलं मला. तेही सगळ्या गावासमोर. मी म्हणालो, "शिकवतो ना साहेब. शंभरदा सांगितलं त्याला, ह राहतो म्हणून. ऐकतच नाही."

"कुणाला?"

तेव्हा कुठं मला माझं बोलणं ऐकू आलं. ज्यांना रोज दादा म्हणायचो, त्यांना साहेबासमोर 'त्याला' म्हणून मोकळा झालो होतो. शाळेतल्या पोरांना सांगितलं, असं म्हणता आलं असतं. निभावलं असतं. पण ते मी म्हटलं नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, आणि माझी नोकरी किती वर्षांची झाली तेही विचारलं. मी मान खाली घातली. पण त्याआधी माझी नजर गर्दीत एका जागी जाऊन आली होती. जमादाराला तेवढं पुरलं.

"गुरुजीला कशाला तरास देताव साहेब," दादा पुढं येत म्हणाले. "म्याच लिवलंय."

सहा-सात महिने ते आत होते. त्यांच्या कारभारणीनं लोकांच्या रानात निंदायला जाऊन घर चालवलं. मी तुरुंगात एकदाही भेटायला गेलो नाही. नोकरीची भीती होती, असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे तोंड दाखवायची हिंमत नव्हती. समाजमंदिरातला वर्ग बंद पडला, आणि मला त्याचं बरंच वाटलं, हेही सांगून टाकतो.

आणीबाणी उठली. हॉटेलात लोक पुन्हा तावातावानं भांडू लागले. दादा सुटून आले होते. वाटेत भेटले तर "बरं हाय का गुरुजी" म्हणायचे. माफी मागायची होती, ती मी रोज उद्यावर ढकलली.

जूनमध्ये ते लेकीचं नाव पहिलीत घालायला शाळेत आले. मी अर्ज भरला, त्यांच्यापुढं ठेवला आणि पेन दिलं.

"सही करा दादा."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "शाईचं पॅड हाय का?"

"दादा, तुम्हाला येतं की लिहायला."

"न्हाई येत गुरुजी," ते शांतपणे म्हणाले. "सुटलं आता."

पोरगी बघत होती. मी पॅड पुढं केलं. त्यांनी डावा अंगठा उठवला आणि धोतराला पुसला. अंगठ्याशेजारी लिहिणाऱ्यानं मजकूर घालून, 'दस्तूर' म्हणजे अक्षर कुणाच्या हातचं ते सांगून, आपली सही करायची रीत होती. 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं मी लिहिलं, त्यांचं नाव लिहिलं, आणि खाली 'दस्तूर' म्हणून माझी सही केली.